घर सुनेला, दट्ट्या नातीला

मी, या घराची मालकीण, सुताराची बायको आणि एका नातीची आजी, आज पोटभर जेवून, डोकं ठिकाणावर असताना, कुणी न शिकवता की न धमकावता, स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहिते. याआधी असं काही लिहिलेलं नाही. शाळेत फार टिकले नाही, म्हणून अक्षर बटाट्यासारखं वाटोळं आहे. वाचणाऱ्याने गोड मानून घ्यावं.

कलम पहिलं. माझं राहतं घर, मागची गॅलरी आणि गळका नळ यांसह, माझ्या सुनेला द्यावं. तिचं नि माझ्या मुलाचं कागदोपत्री फाटलं, तो दुसरीकडे संसार मांडून बसला. त्यामुळे कायद्याने ती माझी कुणी लागत नाही. मी न लिहिता गेले तर तिला नि नातीला पिशव्या भरून बाहेर पडावं लागेल. म्हणून हा खटाटोप, नाहीतर लेखणीचा नि माझा छत्तीसचा आकडा.

ही नवी सून होती तेव्हा हौसेने कुस्करलेले बटाटे करायला गेली. उकडले छान, आणि घातले मिक्सरमध्ये! असा डिंक झाला की त्यात डाव उभा राहिला. आमचे हे म्हणाले, "सूनबाई, थोडं शिल्लक ठेव, खुर्चीचा पाय चिकटवायचाय." ती आधी रडवेली झाली, मग हसत सुटली. यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी बटाटे कुस्करायला लाकडाचा दट्ट्या घडवून आणला.

हे गेले. मुलगाही निघून गेला. मग मी मोरीत घसरून पडले, जबडा दुखावला, चावणं बंद. ही चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी राहून यायची, पर्स खुंटीला अडकवली की बटाटे गॅसवर. गार पाण्यात मीठ घालून उकडायचे. पाणी ओतून टाकून त्याच पातेल्यात मंद आचेवर वाफ जाईतो हलवायचे. गरम असतानाच कुस्करायचे. आधी लोणी, मग कोमट दूध नि साय. फ्रिजमधलं दूध घातलं की बटाटा रुसतो. भरवताना मला दटावायची, "आई, तोंड खायला उघडा, बोलायला नव्हे!" इतकं सुखाचं दुखणं कुणाच्या वाट्याला आलं असेल? त्या बटाट्यांवर मी उठून बसले.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, घर विकू. तू माझ्याकडे ये."

"आणि ही?"

"ती बघेल तिचं तिचं."

"मग तूही बघ तुझं," म्हटलं, फोन ठेवला आणि आणखी एक डाव वाढून घेतला.

कलम दुसरं. बँकेत असेल ते मुलाला. पोटचा आहे, राग किती दिवस धरणार? यांची करवत, रंधे, पटाशाही त्यालाच. लहानपणी हात लावू द्यायचे नाहीत म्हणून भोकाड पसरायचा. घरावर मात्र त्याने हक्क सांगू नये.

कलम तिसरं. दट्ट्या नातीला. पाण्यात भिजत टाकू नये, लाकूड फुगतं.

मोठं पातेलं वरच्या मजल्यावरच्या वहिनींना. ते तसंही कधीचं त्यांच्याकडेच आहे. त्यांना साक्षीला बोलावलं होतं, पण ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये, असं वकील म्हणाले. वहिनी जरा फुगल्यात.

शेवटचं. सुनेला हे वाचून दाखवलं तर म्हणते, "आई, लोक विचारतील, ही या घरची कोण?" म्हणून स्पष्ट लिहिते. घर देताना माझी कसलीही अट नाही. तिने इथे राहावं, विकावं, हवं तर नवं लग्न करून नवऱ्याला इथे आणावं. आणि लोकांना विचारायची वेळच नको, म्हणून दारासाठी तिच्या नावाची पाटी रंगवायला टाकली आहे. मी जायची वाट कोण बघतंय? संध्याकाळी लागेल.

सही: मीच, घरमालकीण (पाटी लागेपर्यंत)

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई, मला तपासून, शुद्धीवर असल्याची खात्री करून
२. तळमजल्यावरचे शिंपीकाका

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार