चोर कपाटात

ता. ३ मार्च

चि. पावशेर हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा मोबाइल बंद लागला म्हणून परवा तुझ्या तेलाच्या डेपोत फोन केला. उचलणाऱ्याने शांतपणे सांगितलं, की मॅडम टाकीवर चढल्यात, चोर सोडायला. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं तर म्हणाला, रोजचंच आहे, त्यांच्याइतक्या सफाईने चोर कुणी सोडत नाही, पण साहेब सध्या त्याच चोरावरून त्यांच्यावर भडकलेत.

वजनंमापं तपासण्यात मी उभी हयात घातली, तुझं लाडाचं नावसुद्धा वजनावरून पावशेर ठेवलं. खाली मेण चिकटवलेली पारडी पकडली, पोकळ वजनं पकडली, एकाही दुकानदाराची गय केली नाही. आणि माझी मुलगी चोर सोडते, तेही सफाईने. तुझी आई म्हणते, आधी नीट विचारा. तिला काय, तू तिची गुणाची. मी फोनवर ओरडलो ते शेजारच्या शिंप्याने ऐकलं. आता जिन्यात भेटला की तो तुझी चौकशी करतो आणि मी किल्ली शोधायचं नाटक करतो.

उलट टपाली खुलासा कर. वर लिहिलेले आशीर्वाद तोवर राखून ठेवले आहेत.

बाबा

ता. ८ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग तळपायाची आग मस्तकात गेली. पोटच्या पोरीपेक्षा टेलिफोनवरच्या परक्या माणसावर तुमचा विश्वास जास्त?

बाबा, चोर म्हणजे पितळेची नळी. हातभर लांब, दोरीला बांधलेली. टाकीच्या छपरावरच्या झाकणातून ती आत सोडायची. हव्या त्या खोलीवर दोरीला झटका दिला, की तिचं बूड मिटतं आणि तिथलं वाटीभर तेल घेऊन ती वर येते. टाकीला पत्ता लागू न देता आतलं उचलून आणते, म्हणून इंग्रजीत तिला थीफ म्हणतात. अख्ख्या तेलधंद्यात हाच शब्द चालतो. आमच्या डेपोत त्याचा चोर झाला, आणि नमुने घेणारी मी, म्हणून तो माझ्या ताब्यात.

साहेब भडकलेत हे मात्र खरं. नवा माल आला तेव्हा मी चोर तळापर्यंत सोडला. वर आला तो निम्मा पाण्याने भरलेला. पाणी तेलाखाली बसतं, वरून कळत नाही. साहेब म्हणाले, तळाचं कोण बघतं, नमुना वरचा घ्या. मी नाही म्हटलं. तर चोर बिघडलाय म्हणून त्यांनी तो स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केला आणि मला गाड्यांचे नंबर टिपायला फाटकावर बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे दोघांनाही एकदमच आत टाकलंय.

आता वरच्या नमुन्यावर सही माझीच हवी. नाही केली तर बदली. हेच तेल पुढे इस्पितळाच्या जनरेटरला जातं, म्हणून हात उचलत नाही. पण मी थकलेय, बाबा. जो तो म्हणतो, करून टाक, तुझं काय जातं.

आईला नमस्कार. घरात शहाणी ती एकटीच आहे.

तुमची, अजून रागावलेली,
पावशेर

ता. ११ मार्च

चि. पावशेर हिस अनेक आशीर्वाद, या वेळी बिनशर्त.

तुझ्या आईने पत्र मला मोठ्याने वाचायला लावलं. पितळेच्या नळीपाशी ती जी हसत सुटली, ती फाटकापाशीच थांबली. मग मात्र तिनेही तुझ्या साहेबाचा उद्धार केला. तिला एवढे शब्द येतात हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

तळ बघू नका म्हणणाऱ्याला तळाशी काय आहे ते पक्कं ठाऊक असतं. पारडं उलटं करू नका म्हणणारे दुकानदार मी असेच ओळखायचो. तुझं काय जातं म्हणणाऱ्यांना सांग, मग तुम्हीच करा की सही.

त्या शब्दावरचा माझा राग अजून गेलेला नाही. इमानदार नळीला चोर म्हणायचं आणि चोराला साहेब, ही कुठली रीत? पण सही करू नकोस. बदली झाली तर होऊ दे, नोकरी गेली तर घरी ये.

तुझ्यावरचा लोभ वाढवायला आता जागा उरलेली नाही, आहे तो गोड मानून घे.

बाबा

ता. १९ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

सही केली नाही. त्या जागी लिहिलं, चोर हजर नव्हता, म्हणून सही नाही. साहेबांनी दुसऱ्या दोघांना बोलावलं. त्यांनी माझी ओळ वाचली, एकमेकांकडे पाहिलं आणि तेही चोर मागू लागले. शेवटी मोठ्या ऑफिसची माणसं आली, कपाट उघडायला लावलं आणि माझ्याच हातून चोर तळाला सोडला. पुन्हा निम्मं पाणी. माल परत गेला.

साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत आणि बदली माझी झाली. चोर तो चोर, वर शिरजोर. यातला चोर नळी नव्हे, एवढं तुम्हाला आता कळतं. संताप होतो, पण झोप छान लागते.

नव्या डेपोचा नंबर खाली देते. टाकीवर मोबाइल नेता येत नाही, तेव्हा तिथेच फोन करा. या वेळी नीट ऐका.

तुमची,
पावशेर

ता. २७ मार्च

चि. पावशेर हिस अनेक आशीर्वाद.

काल नव्या डेपोत फोन केला होता. निरोप मिळाला असेलच. उचलणारा म्हणाला, मॅडम टाकीवर आहेत, चोर सोडतायत. मी म्हटलं, घाई नको, तळापर्यंत जाऊ दे. त्याने विचारलं, कोण बोलतंय म्हणून सांगू. शिंपी जिन्यातच उभा होता, म्हणून जरा मोठ्याने सांगितलं, चोराचा आजोबा.

बाबा