दोनशे बारा स्थळं आणि एक डिस्क

कुंडल, दि. ३ मार्च १९९८

चि. सौ. आम्रपालीस दीपमालाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या कॉम्प्युटरमधली डिस्क टकटक करते, मध्येच बंद पडते, हे वाचून लगेच लिहायला बसले. बुद्धपौर्णिमेच्या वधू-वर मेळाव्याची आपली दोनशे बारा स्थळं तिच्यातच आहेत. तू लिहितेस, कागदी फॉर्म आहेत, पुन्हा टाइप करीन. अगं, तिथंच माझं चुकलं. तू परत पाठवलेल्या फॉर्मांची मागची बाजू कोरी होती. मला कोरा कागद टाकवत नाही. दाभणानं शिवून विहारातल्या पोरांना वह्या करून वाटल्या. तुझे दीर म्हणाले, आता लग्नं वहीतच लावा.

कवठे महांकाळच्या आक्काताई लेकीचा फॉर्म द्यायला एस.टी.नं स्वतः आल्या होत्या. त्यांना काय तोंड दाखवू? वंदनेला बसले तरी मनात डिस्कच येते. काहीतरी कर बाई.

रागाव, पण पत्र पाठव.
तुझी थोरली जाऊ,
दीपमाला

शिरवळ, दि. ११ मार्च १९९८

आद. जाऊबाईंना सविनय जयभीम. वि. वि.

वह्यांचं वाचून आधी हसले, मग कामाला लागले. यांना पुण्याहून नवी डिस्क आणायला लावली. दोन्ही डिस्क आतल्या एकाच पट्टीसारख्या वायरीला जोडल्या, तर पडदा काळाच! अर्धा दिवस गेला. मग ध्यानात आलं, प्रत्येक डिस्कवर थोरली-धाकटी ठरवणारी बारीक पिन असते. दोघी थोरल्याच होत्या, म्हणून यंत्र कुणाचंच ऐकेना. नवीला धाकटी केलं, लगेच सुरू झालं. जुनी तापू नये म्हणून तिच्यावर टेबलफॅन धरून आधी स्थळं नवीवर उतरवली, मग कॉम्प्युटर जिच्यावर चालतो ती विंडोज. शेवटी जुनी काढली, नवीला थोरली केलं. एका दमात चालू!

फक्त क्र. १४० ते १५८ ची फाईल काही केल्या वाचता आली नाही. ती एकोणीस स्थळं तेवढी वह्यांतून शोधाल का?

आशीर्वाद असू द्यावा.
आपली आम्रपाली

कुंडल, दि. २२ मार्च १९९८

चि. सौ. आम्रपालीस सप्रेम जयभीम. वि. वि.

दारोदार फिरून एकोणीसही गोळा केले, सोबत पाठवते. कापले नव्हते, नुसते शिवले होते म्हणून वाचले. आक्काताईंच्या लेकीच्या फॉर्ममागं पंधराचा पाढा आहे, वर मास्तरांचं लाल शाईत ‘छान’. पोरीला स्थळ चांगलंच मिळणार बघ.

तू या घरात आलीस तेव्हा भाकरी गोल येत नाही म्हणून मी लय बोलले होते. काळ्या पडद्यासमोर अर्धा दिवस न घाबरता बसणं मला जमलं नसतं. विहारात सगळ्या बायकांना तुझी पिनेची गोष्ट सांगितली. मला पुरती कळलेली नाही, तरी सांगितली.

मेळाव्यासाठी छापायच्या स्थळांच्या पुस्तिकेवर संकलन म्हणून माझं नाव वर आणि तुझं खाली ठरलं होतं. ते बदल. तुझं वर घे. दोघी थोरल्या राहिलो तर पडदा काळाच राहील.

आणि हे फॉर्म छापून होईतो तुझ्याकडेच ठेव. माझ्या हाती देऊ नकोस, मागची बाजू अजून थोडी कोरी आहे.

माया अशीच राहू दे.
तुझी जाऊ,
दीपमाला