संक्रांतीला वाटलेलं आदिरे

शुगर लँड, टेक्सास

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, मेसेजवर निळ्या खुणा मात्र लगेच उमटतात. म्हणून हे पत्र. हातात पडलेलं पत्र तू वाचल्याशिवाय फाडणार नाहीस, एवढी तर मी तुला ओळखते.

इलाचं फेमीशी ठरलं हे सांगितलं, तेव्हा "नायजेरियन? मी या लग्नाला येणार नाही," म्हणून तू फोन ठेवलास. मला राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं. आई-बाबांच्या मागे घरातली मोठी तूच. इलाच्या वेळी डिंकाचे लाडू घेऊन माझं बाळंतपण करायला इथे आली होतीस, तिला पहिली आंघोळही तूच घातलीस. तू नसताना तिच्या डोक्यावर अक्षता पडायच्या, ही कल्पनाच मला सोसत नाही. तर आता ऐक. तुझ्या धाकट्या बहिणीने इथे जो पराक्रम केलाय तो दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

जानेवारीत इलाने एक गाठोडं आणून टेबलावर ठेवलं. "आई, फेमीच्या मॉमनी दिलंय, आपल्या फॅमिलीसाठी," एवढं बोलून पोरगी ड्युटीवर पळाली. आत आदिरे होतं. म्हणजे त्यांच्याकडचं हाताने रंगवलेलं सुती कापड, गर्द निळं, जवळजवळ काळंच, त्यावर फिकट नक्षी. कुरवाळत बसावं असं सुंदर. मला वाटलं, आहेर आला. पण लग्नघरात असं काळपट कापड अंगावर कोण घालणार? संक्रांत तर तोंडावर आली होती. मग काय, एकेक ब्लाऊजपीस कापला आणि हळदीकुंकवाला वाण म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना वाटून मोकळी झाले. दरवर्षी प्लास्टिकचे डबे घेऊन जाणाऱ्या त्या बायका एकदम हरखून गेल्या. मीही खूश.

मार्चमध्ये फेमीच्या घरच्यांनी दोन्ही कुटुंबांच्या ओळखीसाठी एक हॉल घेतला. आपल्या बाजूने इथे नातेवाईक कुणीच नाहीत, म्हणून मी मंडळातल्या मैत्रिणींना बोलावलं. दारातून आत पाहते तर त्यांच्याकडची झाडून सगळी माणसं त्याच निळ्या कापडात! कुणाचा झगा, कुणाचा सदरा, बायकांच्या डोक्याला बांधलेले मोठाले रुमालसुद्धा. इलाने माझा दंड धरला. "आई, तू ते शिवलं नाहीस? दॅट वॉज फॉर टुडे!" मग कळलं की याला आशो-एबी म्हणतात, घरच्यांचं कापड. जे ते घालून येतात ते सगळे एका घरचे. फेमीच्या आईने, फोलाकेंनी, आपल्याला घरचं म्हणून ते मुद्दाम आधी पाठवलं होतं. आणि मुलीचे आई-बाप आम्ही, मी पैठणीत, राजीव सुटात! मी जागच्या जागी गार पडले. पोरीचं लग्न मीच मोडलं असं वाटलं.

तेवढ्यात मंडळातल्या सुलभाकाकू आणि अनया आल्या, मागोमाग बाकीच्या. सगळ्यांच्या साड्यांवर आदिरेचे ब्लाऊज! फोलाके हात पसरून धावल्याच. "ऑंटीज ऑफ द ब्राइड!" म्हणत एकेकीला मिठ्या मारल्या आणि सुलभाकाकूंना थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मग माझ्याकडे वळल्या. मी खरं काय ते सांगून टाकलं. ताई, त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. म्हणाल्या, मी दोन माणसांपुरतं कापड पाठवलं, तुम्ही तर अख्खं गाव घरचं केलंत. स्वतःच्या खांद्यावरचं कापड काढून त्यांनी माझ्या खांद्यावर घातलं. मला तिथेच रडू फुटलं, पण आनंदाचं. राजीव तर इतका नाचला की दुसऱ्या दिवशी गुडघ्याला बर्फ लावून बसला होता. तो या सगळ्याला 'भारत-नायजेरिया शिखर परिषद' म्हणतो.

जेवताना फोलाकेंनी विचारलं, मुलीच्या घरात सगळ्यात मोठं कोण? मी म्हणाले, माझी ताई, नागपूरला असते, आणि ती रागावली आहे. त्यांनी ताट बाजूला ठेवलं. मुलीला मागणी घालायची ती तिच्या घरच्या मोठ्यांच्या दारात जाऊन, असा त्यांच्यातला रिवाज. मोठी बहीण रुसलेली असताना आपण इथे काय जेवतोय, म्हणाल्या. तर ताई, तिकिटं काढली आहेत, डिसेंबरची. फोलाके, फेमी, त्याचे काका आणि आम्ही तिघं तुझ्याकडे येतोय. हेच कळवायला लिहिते आहे. तुला नाही म्हणायचं असेल तर जरूर म्हण, पण फेमीच्या तोंडावर म्हण. फक्त एक सांगून ठेवते, मागणी घालताना त्यांच्यात मुलगा जमिनीवर पालथा पडून दंडवत घालतो आणि मोठ्यांनी ऊठ म्हटल्याशिवाय उठत नाही. फेमी सव्वासहा फूट उंच आहे. तेवढा हॉलमधला दिवाण सरकवून ठेव.

तुझीच,
सुली