जिंकलेला डाव

बाबा, शेवटच्या आजारात तुम्ही मला विचारलं होतं, "तुया काका बी खेळेच ना? मंग मीच कावून जुगारी?" मी नुसती तुमची उशी सरळ केली. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, उत्तर आता लिहितेय.

काका म्हणजे शेजारच्या क्वार्टरमधले, भंडाऱ्याकडचे, तुमच्याच बांधकामाच्या गँगमधले. कारखाना तेव्हा उभा राहत होता. सुट्टीच्या दिवशी क्वार्टरमागे लाल धुळीत चादर अंथरून तुम्ही सगळे तीन पत्ती खेळायचात. काकाही पैसे लावायचे, हरले की शिव्या द्यायचे, जिंकले की आम्हा पोरांना जिलेबी आणायचे. पण काकूंनी "भात थंडा होऊन राहिला" अशी हाक मारली की उठायचे. तुम्ही हरलात तर भरून काढायला बसायचात, जिंकलात तर नशीब जागं आहे म्हणून बसायचात. उठायला तुम्हाला कारणच सापडायचं नाही.

त्या दुपारी आईला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. मी अनवाणी धावत येते. "बाबा, मायच्या पोटात लय दुखून राहिलं, चला ना." तुम्ही पत्त्यांवरून नजर काढत नाही. "एवढा डाव होऊ दे. आलोच म्हणून सांग." काका हातातले पत्ते खाली टाकतात. तीन राजे, जिंकायचेच पत्ते. "अरे, बायको अडली हाय तुयी, ऊठ!" तुम्ही ते राजे पाहता आणि चक्क हसता. "पत्ते टाकले ना तू? मंग डाव माया."

काका वाद घालायला थांबले नाहीत. सिमेंटचा ट्रक अडवून त्यांनी आणि काकूंनी आईला दवाखान्यात नेलं. भाऊ जन्मला, वाचला. तुम्ही दिवेलागणीला आलात, त्या डावाच्या पैशातलं लुगडं घेऊन. आईनं त्याची घडीही मोडली नाही, काकूंना देऊन टाकलं. त्यानंतर तुम्हाला बोलवायला तिनं कुणालाही पाठवलं नाही. भाऊ तापानं फणफणला तेव्हा नाही, तिची स्वतःची माय गेली तेव्हाही नाही.

खेळ काकांनाही आवडायचा, बाबा. पण खेळताना त्यांना घरची हाक ऐकू यायची. तुम्हाला आम्ही ऐकूच येत नव्हतो.

तुमच्या उशाशी बसून हे बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, "बरं, आता पानी दे." म्हणून कागदावरच राहू दे. एवढं मात्र खरं, की पत्ते पिसताना तुमची बोटं फार सुंदर चालायची, आणि ती पाहायला मला आवडायचं.