सदतीस अंशांची पेटी

शर्क, कुवेत

ती. बाबांना जावयाचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? रेडिओ दुरुस्तीचं दुकान अजून दोन्ही वेळ उघडता, की डॉक्टरांचं ऐकता? (नसालच ऐकत.) इकडे आम्ही मजेत. आता जरा बसून घ्या. भर मांडवात तुम्ही म्हणाला होतात, जावई बँकेतले, यांच्या घरी फ्यूज बदलायलाही मलाच जावं लागणार. तर त्या जावयाने यंत्र बनवलं आहे. होय, मीच!

त्याचं असं झालं. विनिताच्या पीएचडीचं शेवटचं काम म्हणजे जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांची फिल्म काढायची. या बयांना सदतीस अंशच लागतात, जरा इकडेतिकडे झालं की माना टाकतात. नेमकी प्रयोगशाळेतली सूक्ष्मदर्शकाभोवतीची गरम पेटी बिघडली. सुटा भाग परदेशातून येईपर्यंत पेशी जाणार आणि तिचं वर्षही जाणार. विनिता जेवेना. मला बघवेना. म्हटलं, मी करतो! कुवेतमध्ये भर जुलैत हीटर बनवतोय म्हटल्यावर बँकेतले लोक पोट धरून हसले. पण बाहेर पन्नास आणि एसीत अठरा, मधलं सदतीस आणायचं कुठून?

पहिली पेटी गणपतीच्या थर्माकोलच्या मखराची. (घरात दुसरं काय सापडणार?) आत विनिताचा हेअर ड्रायर लावला, तर डावा खांब वितळून चाचणीसाठी ठेवलेल्या दह्यात ओघळला. दुसरी ॲक्रिलिकची केली आणि ड्रायरला थर्मोस्टॅट जोडला. झकास झाली! फक्त तापमान कधी तेहतीस, कधी एकेचाळीस. बसेल हळूहळू, म्हणून मी प्रयोगशाळेत उद्घाटन उरकलं. हळदकुंकू वाहिलं आणि तुम्ही दिलेला घरचा नारळ पेटीशेजारीच फोडला. सगळं पाणी थर्मोस्टॅटमध्ये! (प्लग काढलेला होता, तेवढी अक्कल आहे मला.) प्लग लावला तर पेटी ढिम्म. विनिताच्या गाईड हफिजा मॅडम हळूच दोन पावलं मागे सरकल्या. विनिताने माझ्या हातातली कुंकवाची वाटी काढून घेतली. तुमची लेक चिडली की काय होतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

पुसली, वाळवली, पुन्हा लावली. सदतीस! काही केल्या हलेना. (विनिता म्हणते, पुसताना सैल वायर घट्ट बसली असेल. असेल बुवा.) रात्री पेशी आत ठेवल्या, सकाळी दुप्पट झालेल्या, फिल्म पुरी. विनिता हसता हसता रडली. बाबा, आयुष्यात इतका अभिमान मला प्रमोशनलाही वाटला नव्हता.

आपला,
सुयोग

ता. क. हफिजा मॅडमना अगदी अश्शीच दुसरी पेटी हवी आहे. मी छाती ठोकून हो म्हणालो. आहे ती का चालते ते मला ठाऊक नाही, आणि उघडून बघायची हिंमत नाही.

आणखी एक ता. क. तेव्हा तुम्हीच या. आई गेल्यापासून दर फोनला म्हणता, मी तिकडे येऊन काय करू? हे करा. व्हिजिट व्हिसा काढला आहे. बाबा येताहेत, असं विनिताला सांगूनही टाकलंय. नाही म्हणायचं असेल तर आता तिला तुम्हीच सांगा.