हातगुण

सोमवार, ४ तारीख

आलो एकदाचा. लेकीने गाडीतून उतरवलं, जावयाने मागून धरलं, आणि वॉकरचे चार पाय अधिक माझा दीड, अशा साडेपाच पायांनी मी खडखडत आत शिरलो. मोठ्या दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालं, मग जखम चिघळली, मग कितीतरी दिवस इंजेक्शनं आणि गोळ्या. त्यापुढे ही जागा म्हणजे माहेरच. इथे खायचं, व्यायाम करायचा आणि पुन्हा चालायला शिकायचं. लेक म्हणाली, बाबा, रोज काहीतरी लिहीत जा, नाहीतर तुम्ही सिस्टरांचं डोकं खाल. म्हणून ही वही.

खोलीत तीन खाटा. खिडकीजवळ मास्तर. जन्मभर गणित शिकवलं, अजूनही समोरचा माणूस म्हणजे चुकलेलं उत्तर असल्यासारखे बघतात. मधल्या खाटेवर ट्रकवाला, साखरेच्या आजारापायी पायाचा अंगठा गमावलेला, पण आवाज अजून हॉर्नसारखा. दाराजवळ मी. आणि खरी मौज म्हणजे आमची ही याच इमारतीत आहे, पलीकडे बायकांच्या वॉर्डात. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून इथेच. इतके दिवस मी रविवारचा पाहुणा होतो. आता नवरा-बायको पुन्हा एका छपराखाली. हाड मोडलं ते एका परीने बरंच झालं.

बुधवार, ६ तारीख

आज हिच्याकडे गेलो. वाचा गेली ती काही परत आली नाही. 'बरं' एवढा एकच शब्द उरलाय, पण राग, हसू, टोमणा, सगळं ती त्यात बसवते. मी म्हटलं, तुझ्यासाठी पाय मोडून घेतला बघ. म्हणाली, "बरं." म्हणजे, पुरे झाल्या बाता.

धडधाकट असताना ऐकवायची की गावाची डोकी हातात घेता, घरच्या डोक्याला कधी फणी लावली नाहीत. खोटं नव्हतं. केस कापायचं दुकान बंद करून यायचो तेव्हा आणखी केस बघवायचे नाहीत. आज मात्र तिचे केस नीट विंचरले. गुंता सोडवताना ती डोळे मिटून बसली होती. निघताना चांगल्या हाताने माझा हात धरला आणि सोडेचना. शेवटी मदतनीस बाईच म्हणाल्या, आजी, उद्या परत आणते हो त्यांना.

शनिवार, ९ तारीख

मास्तरांची दाढी बघवेना. इथले लोक घाईगडबडीत कोरडाच रेझर फिरवतात, गाल नुसते ओरबाडलेले. थोरल्या सिस्टरला म्हटलं, मी करतो, हात शिवशिवतायत. प्रत्येकाला नवं पातं, धुतलेला टॉवेल, आणि भिंतीवरच्या बाटलीतलं औषध हाताला चोळायचं, या अटीवर ती हो म्हणाली. मी दर दाढीला दोनदा चोळतो. धंद्याचं इमान असतं.

गरम टॉवेल तोंडावर ठेवला तसे मास्तरांचे खांदे सैल पडले. टॉवेलाखालूनच म्हणाले की बायको गेल्यापासून त्यांच्या तोंडावरून कुणी मायेने हात फिरवला नव्हता. गाल ताणून पातं चालवत राहिलो.

दुपारी दारात ही रांग! ट्रकवाला ओरडून सांगत होता, या कारागिराला हातगुण आहे, याने दाढी केली की दुखणं पळतं. तेव्हापासून सगळे मला कारागीर म्हणतात. बऱ्याच दिवसांनी कामाचा माणूस झालो.

शुक्रवार, १५ तारीख

ट्रकवाल्याची जखम पुन्हा ओली झाली म्हणून जोरदार गोळ्या चालू आहेत. जखम वाळतेय, पण कालपासून पोट बिघडलंय. म्हणतो, इंजिन ठीक आहे, सायलेन्सर फुटला. खोली हसली, तोही हसला, पण तोंड उतरलंय. मी त्याला चमच्याने पाणी पाजलं, तोंड पुसलं. पलीकडच्या खोलीतल्या दोघांनाही हाच त्रास.

मी वॉकर सोडून काठीवर आलो. भूक तर अशी लागते की विचारू नका.

मंगळवार, १९ तारीख

ट्रकवाला गेला. पाण्यासारखं होत राहिलं, ताप चढला, पोट फुगलं. मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिथेच. पलीकडच्या खोलीतले एक आजोबाही गेले. दोघांचीही दाढी मी केली होती, निदान नीटनेटके गेले, असं मनात आलं.

सगळे आचाऱ्यावर घसरले. तो बिचारा रडकुंडीला येऊन सांगत होता, मी आधी खातो, मग तुम्हाला वाढतो. पाणी तपासलं. पाण्यात काही नाही. मधली खाट रिकामी आहे आणि खोलीत फिनेलचा वास भरून राहिलाय.

शनिवार, २३ तारीख

मास्तरांच्या छातीत कफ झाला, औषध चालू झालं, आणि आज सकाळपासून तेच. लाजेने भिंतीकडे तोंड करून पडलेत. जन्मभर टापटीप राहिलेला माणूस, चादर बदलताना डोळे घट्ट मिटून घेतो. मी म्हटलं, मास्तर, दाढी करूया, बरं वाटेल. गाल इतके खोल गेलेत की पातं आत उतरतं. जपून केली. म्हणाले, कारागीर, तुमचं बरं आहे, तुम्हाला काही होत नाही.

तिथून तसाच हिच्याकडे गेलो, वेणी घातली. जाताना हात चोळले होते. दोनदा.

मंगळवार, २६ तारीख

मास्तर गेले.

आता सगळ्यांची तपासणी. आजारी असो नसो, प्रत्येकाने डबी भरून द्यायची. मी सिस्टरला म्हटलं, माझी कशाला, मी तर ठणठणीत. एरवी हसते. आज हसली नाही.

एक विचार सारखा येतोय. ज्यांना ज्यांना झालं ते सगळे माझ्या — नाही. उगाच काहीतरी.

शुक्रवार, २९ तारीख

तरुण डॉक्टरीण आली. अंगात पिवळा गाऊन, हातमोजे. रोज खाटेवर टेकायची, आज उभीच राहिली. म्हणाली, काका, तो जंतू तुमच्या पोटात आहे. मोठ्या दवाखान्यातल्या औषधांनी आतड्यातले चांगले जंतू मेले, जागा मोकळी पडली, तेव्हा हा शिरला असावा. तुम्हाला त्रास देत नाही, म्हणून तुम्हाला औषधही नाही. मी म्हटलं, म्हणजे पोटभाडेकरू.

त्याचं बी फार चिवट असतं म्हणे. बाटलीतल्या औषधाने मरत नाही. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं तरच जातं. आणि दुसऱ्या दुखण्यासाठी औषध चालू असलेल्या माणसाच्या पोटात गेलं, की मग —

मी विचारलं, मास्तर? ती म्हणाली, कुणाकडून कुणाला गेलं ते सांगता येत नाही. आणखीही काहींच्या पोटात आहे आणि तेही तुमच्यासारखेच चांगले आहेत. साबणाचं आम्हीच सांगायला हवं होतं, तुमचा यात काही दोष नाही. खूप समजावलं पोरीने. पण बोलण्याआधी तिची नजर माझ्या हातांवर गेली होती. मी ते चादरीखाली घेतले.

रविवार, ३१ तारीख

वेगळी खोली. वेगळा संडास. जेवण दाराशी येतं, नेणारा हातमोज्यांनी नेतो.

हात धुतो. पुन्हा धुतो. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, साबण झोंबतो. नळ बंद केला की वाटतं, नळालाच लागलं असेल. मग पुन्हा.

कशाकशाला हात लावला? दाराची कडी. मास्तरांचे ओठ — पातं नाकाखालून फिरवताना मी ते दोन बोटांनी दाबून धरले होते. ट्रकवाल्याचा चमचा. हिची फणी.

पोटावर हात ठेवून पडलो. आत सगळं शांत. एवढी माणसं गेली आणि हे शांत कसं?

बुधवार, ३ तारीख

हिला ताप. लघवीत संसर्ग निघाला. औषध चालू करणार आहेत.

दारातूनच हात जोडले, नका देऊ. डॉक्टरीण म्हणाली, काका, नाही दिलं तर तापच नेईल त्यांना. नीट सांगत होती. ती मागे सरकली तेव्हा कळलं की मी उंबऱ्याबाहेर आलो होतो.

शनिवार, ६ तारीख

सुरू झालं. हिला.

लेकीचा फोन. आई सारखी दाराकडे बघते, बाबा, जा ना. मी म्हटलं, मी नाही जाणार. का? सांगितलं. ती रडली. म्हणाली, तुम्ही काही जाणूनबुजून — मी फोन ठेवला. फोनही पुसला. मग हात —

रविवार, ७ तारीख

गेलो. सिस्टरने ओढूनच नेलं. गाऊन, मोजे, सगळं चढवलं. म्हणाली, आता काही होत नाही, खुशाल हात धरा.

केवढीशी झालीय. उशीवर नुसते केस.

मला बघून तिने हात पुढे केला. चांगला हात. मी — माझे हात पाठीमागे होते. एकात एक घट्ट. सुटेचनात. सिस्टर म्हणतेय, धरा काका, धरा. ती तसाच हात धरून राहिली, हवेत. मग खाली पडला. मग तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. 'बरं'ही म्हणाली नाही.

सोमवार, ८ तारीख. सकाळ

झोप नाही. मूर्ख आहे मी. मोजे होते. मोजे होते ना हातात! जाऊन तिला सांगायचं — तुझ्यावर राग नाही गं, तुला टाकली नाही, मला माझीच — हात धरून सांगायचं. आज धरणार.

बेल दाबलीय. साबणाने धुतले, कोपरापर्यंत. सिस्टर येतेय, चपला वाजतायत.

दारात थांबली. गाऊन आणला नाही. मोजेही नाहीत. मी म्हटलं, चला, मी तयार आहे. ती चष्मा काढून पुसतेय. म्हटलं, अहो, चला ना, ती वाट बघत — सिस्टर आत आली, मोज्यांशिवाय, आणि माझा हात