पाहून लावलेलं कुंकू

गिरगाव, मुंबई
३ मार्च १९५७

प्रिय सुमती,

अनेक आशीर्वाद. इंदूरहून पाठवलेली सुपारी पोचली. अडकित्त्याने हात टेकले, इतकी कडक आहे. इकडे निवडणुकीचा धुमाकूळ. तुझे भावोजी सकाळी समितीच्या प्रचाराला जातात ते घसा बसवूनच परततात. संयुक्त महाराष्ट्र ते आणतील, घरात रॉकेल मात्र मीच आणायचं.

अक्षर वाकडं आलं म्हणून हसू नकोस. ओळीच वाकड्या झाल्या आहेत. खिडकीचे गज पोटात कळ आल्यासारखे मधेच वाकतात. नाक्यावरच्या चष्मेवाल्याने दोनदा भिंगं बदलली आणि वर मलाच ऐकवलं, "आजी, वय झालं." मी म्हटलं, "वय दोन्ही डोळ्यांचं सारखंच आहे. मग डावा एकटाच का म्हातारा झाला?" मेला भिंगं पुसत बसला.

दिवाळीपासून उजवाही त्याच वाटेने चालला आहे. ज्याच्याकडे सरळ पाहावं त्याला चेहराच नाही. कान आहेत, केस आहेत, मधे धुरकट डाग. चाळीत कुणाला पत्ता नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा, आवाजावरून माणूस ओळखते.

पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेवंती काही बोललीच नाही.

शेवंती म्हणजे आमच्या तळमजल्यावरची. तिचा नवरा गणपत गेल्या वर्षी जानेवारीत गोळीबारात नाक्यावरच पडला. हळदीकुंकवाच्या दिवशी ती आपल्या मुलीला न्यायला आली आणि दारालगत, बायकांच्या ओळीशेवटी टेकली. मी ओळीने लावत गेले, तिच्याही कपाळावर कुंकू टेकवलं. खोलीतले आवाज एकदम बंद झाले. मग तिची सासू ओरडली, "शेवंते, पूस आधी!" तेव्हा मला कळलं, कपाळ कुणाचं ते.

"दिसलं नाही" एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात कुणीतरी कुजबुजलं, "कॉन्व्हेंटात शिकलेली बाई, मुद्दामच केलं!" अर्ध्या चाळीने माझ्याशी बोलणं टाकलं, अर्ध्या चाळीने कौतुक केलं. तुझे भावोजी सभेत सांगत सुटले आहेत, "आमच्याकडे भाषणं मी करतो, सुधारणा ही करते." आणि मी गप्प. मी! पटतंय का तुला?

परवा शेवंती वर आली.

"बाई, खरा सांगा. जानून लावलात ना? सासू म्हनते, म्हातारीला दिसत नाय. मी रोज दार लावून कुंकू लावते, घटकाभर बसते, मग पुसते. तुमाला दिसलाच नसंल, तर आजपासून नाय लावनार."

"मला स्वच्छ दिसतं," मी म्हटलं. "चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ये. सगळ्यांसमोर लावते."

आता नीट ऐक. चोरून दाखवून आले, ते मोठे डॉक्टर म्हणतात, कारण सांगता येत नाही, डोळ्याच्या पडद्याचं काहीतरी आहे. लगेच भरती व्हा, थांबलात तर उरलेलंही जाईल. इथे भरती झाले तर चाळीला कळेल आणि ती सासू खरी ठरेल. तेव्हा तू फार आजारी असल्याची तार कर, मी इंदूरला येऊन डोळे दाखवते. पण तार चैत्रगौर झाल्यावर. आधी केलीस तर फाडून टाकीन.

एक गोष्ट डॉक्टरांना सांगितली नाही. ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील. शेवंती बोलत होती तेव्हा तिच्या चेहऱ्याच्या जागी डागच होता. पण तिच्या मागे गणपत उभा होता. त्याचा चेहरा स्वच्छ, हनुवटीवरच्या खळीसकट. रागावलेला नव्हता. नंबर सांगून झाल्यावर पलीकडचा माणूस जोडणीची वाट पाहत गप्प राहतो ना, तसा. आता जिन्यातही भेटतो, भर दुपारी. भुतांवर माझा विश्वास नाही. तरी कठड्याला लागून उभी राहते, त्याला वाट देते.

चैत्रात ती घाबरून गप्पच बसली तर एवढ्या बायकांत तिला ओळखायचं कसं, हा विचार जीव खात होता. आता तो प्रश्न उरला नाही. तो तिच्या मागे उभा असेल. त्याच्याकडे पाहून लावीन.

भावोजींना यातलं अक्षरही कळवू नकोस. आणि सुमे, तुला खिडकीचे गज सरळ दिसतात का, ते खरं लिही.

दिसतं आहे तोवर तुझी,
अक्का